ओरलँडोला टाइमशेअर मालकाचं आरक्षण भाड्याने घ्यावं का?

प्रश्न असा आहे: न्यू जर्सीत राहणारं चौघांचं कुटुंब, साताऱ्याहून येणारे आई-वडील, आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डची सहल. सहा जणांना पुरेल अशी जागा डिस्नेच्या चांगल्या रिसॉर्टमध्ये घ्यायची म्हटलं तर भाव बघूनच घाम फुटतो. कुणीतरी सुचवलं की डिस्नेच्या टाइमशेअरच्या, म्हणजे रिसॉर्टमधल्या विकत घेतलेल्या हिश्श्याच्या, मालकाकडून त्याचं आरक्षण भाड्याने घ्या, जवळजवळ निम्म्यात पडेल. हे खरं आहे का, चालतं का, आणि पैसे बुडणार नाहीत याची खात्री कशी करायची?

खरं आहे आणि चालतं. आमच्याकडे डिस्नेच्या टाइमशेअर क्लबचे पॉइंट्स आहेत, म्हणजे तिथे रात्री राहायचा हक्क. ज्या वर्षी आम्हाला जाता येत नाही त्या वर्षी ते भाड्याने देतो, आणि दुसऱ्या एखाद्या रिसॉर्टमध्ये राहायचं असेल तेव्हा इतरांचे घेतोही. दोन्ही बाजूंनी व्यवहार केल्यामुळे सगळ्यात आधी एकच सांगेन: आई-वडिलांच्या पासपोर्टवर व्हिसा लागेपर्यंत कुणालाही एक डॉलरही देऊ नका. ही स्वस्ताई मुळात कशामुळे येते ते समजलं की मी इतका आग्रह का धरतोय ते लक्षात येईल.

डिस्ने व्हेकेशन क्लब १९९१ मध्ये सुरू झाला. त्याचं पहिलं रिसॉर्ट आज ओल्ड की वेस्ट म्हणून ओळखलं जातं. इथे मालक एखाद्या रिसॉर्टमधला छोटासा हिस्सा रीतसर खरेदीखत करून विकत घेतो, तोही ठरावीक मुदतीसाठी. साराटोगा स्प्रिंग्जची मुदत २०५४ पर्यंत आहे, अ‍ॅनिमल किंग्डम व्हिलाजची २०५७ पर्यंत. त्या हिश्श्याच्या बदल्यात मालकाला दरवर्षी ठरलेले पॉइंट्स मिळतात. कुठल्या रिसॉर्टमध्ये, कुठल्या मोसमात, कुठल्या खोलीला रात्रीचे किती पॉइंट्स लागतात याचा तक्ता डिस्ने दरवर्षी जाहीर करतं. आणि आपल्याकडे फ्लॅट बंद असला तरी सोसायटीचा मेंटेनन्स भरावाच लागतो, तसाच इथेही वर्षाचा मेंटेनन्स आहे. बहुतेक रिसॉर्टना तो पॉइंटमागे साधारण आठ-नऊ डॉलर पडतो.

म्हणजे मालक गेला नाही तरी त्याचे पैसे जातात, आणि मुदतीत वापरले नाहीत तर पॉइंट्सही जातात. म्हणून तो ते भाड्याने देतो. सध्या पॉइंटमागे वीस डॉलरच्या आसपास भाव चालतो. मध्यस्थ कंपनीकडून घेतलंत तर थोडा जास्त, थेट मालकाकडून घेतलंत तर थोडा कमी. पण स्वस्ताईचं हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं कारण म्हणजे रद्द करण्याची मोकळीक तुम्ही सोडून देता. डिस्नेकडून थेट खोली घेतली तर ठरावीक दिवस आधी रद्द करून पैसे परत मिळवता येतात. भाड्याच्या आरक्षणात बहुतेक वेळा एक छदामही परत मिळत नाही. जी सूट मिळते ती त्याचीच किंमत. तेव्हा तुमच्या तारखा किती पक्क्या आहेत हे आधी बघा आणि भाव नंतर बघा. ज्या घरात मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत अजून व्हायची आहे, त्या घराच्या तारखा पक्क्या नसतात. शिवाय व्हिसा नाकारला गेला तर सहलीचा नेहमीचा विमा सहसा त्याचे पैसे देत नाही.

आता हिशेब मांडू. समजा तुम्ही निवडलेल्या रिसॉर्टमध्ये दोन बेडरूमच्या व्हिलाला ऑगस्टअखेरीस रविवार ते गुरुवार रात्रीचे २७ पॉइंट्स आणि शुक्रवार-शनिवारी ३४ पॉइंट्स लागतात. (आकडे नमुन्याचे आहेत, खरे तुमच्या वर्षाच्या तक्त्यात बघा.) रविवारी जाऊन शुक्रवारी निघालात तर पाच रात्रींचे १३५ पॉइंट्स, वीसच्या भावाने २,७०० डॉलर. तेच शुक्रवार-शनिवार धरून पूर्ण आठवडा राहिलात तर २०३ पॉइंट्स, म्हणजे ४,०६० डॉलर. नुसत्या दोन रात्रींसाठी तेराशेच्या वर. म्हणून माझी शिफारस असते की रविवार ते शुक्रवार पॉइंट्सवर राहा, आणि आणखी दोन दिवस हवेच असतील तर ते बाहेरच्या साध्या हॉटेलात काढा. सामान हलवायचा त्रास होतो, पण फरक मोठा असतो.

हा आकडा कशाशी ताडायचा? डिस्नेच्या साइटवर त्याच तारखांना, त्याच रिसॉर्टमधल्या, त्याच आकाराच्या खोलीचा भाव काढा आणि त्यावर १२.५ टक्के कर धरा. भाड्याच्या व्यवहारात ठरलेली रक्कम हीच अखेरची रक्कम असते, वर वेगळा कर लागत नाही. पूर्ण भावाशी तुलना केली तर तीस ते पन्नास टक्के वाचलेले दिसतात. पण डिस्ने स्वतःही मोसमाप्रमाणे सवलती काढतं, आणि ऑगस्टअखेर हा त्यांचा मंदीचा काळ असतो. सवलतीच्या भावाशी ताडल्यावर फरक पंधरा-वीस टक्क्यांवर आला, तर मी डिस्नेकडूनच घेईन. तेवढ्यासाठी रद्द करण्याची मुभा सोडू नये.

तुम्ही निवडलेला काळ मात्र फार चांगला आहे, तो बदलू नका. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात. न्यू जर्सीतल्या शाळा बहुतेक ठिकाणी लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाल्यावर उघडतात. त्यामुळे तिथली गर्दी ओसरलेली असते आणि तुमच्या मुलांना अजून सुट्टी असते. पॉइंट्सच्या तक्त्यातही हा काळ स्वस्तातला आहे. नाताळचा आठवडा सगळ्यात महाग. उकाडा आणि दुपारचा गडगडाटी पाऊस सोसावा लागेल. आई-वडिलांना सकाळी लवकर नेऊन दुपारी खोलीवर परत आणायचं हे आधीच ठरवून टाका.

आता आरक्षण कसं होतं ते. मालक ज्या रिसॉर्टचा आहे तिथे तो अकरा महिने आधीपासून बुकिंग करू शकतो. इतर रिसॉर्टमध्ये सात महिने आधीपासून. तुमचा पहिला दिवस २३ ऑगस्ट असेल, तर २३ सप्टेंबरपासून त्या-त्या रिसॉर्टच्या मालकांना आणि २३ जानेवारीपासून सगळ्यांना दार उघडतं. म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात तुम्हाला अ‍ॅनिमल किंग्डममधलं किडानी व्हिलेज हवं असेल, तर अ‍ॅनिमल किंग्डम व्हिलाजचाच मालक शोधावा लागेल. साराटोगाचा मालक त्या वेळी तुमच्या कामाचा नाही, तो कितीही स्वस्त देत असला तरी. ऑगस्टअखेरीस दोन बेडरूमच्या व्हिला सात महिन्यांच्या खिडकीतही बऱ्यापैकी मिळतात. तेव्हा व्हिसाची वाट बघताना जीव टांगणीला लावायचं कारण नाही.

बुकिंग मालक करतो, पण पाहुणे म्हणून तुमची नावं घालतो. नावं पासपोर्टवर आहेत तशीच द्या. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव, आडनाव यांची उलटापालट झालेली असते, म्हणून स्पेलिंग लिहून पाठवा, फोनवर सांगू नका. तुम्हाला आरक्षण क्रमांक मिळतो, तो माय डिस्ने एक्स्पीरियन्स या अ‍ॅपमध्ये घालता येतो आणि आरक्षण तुमच्या खात्यात दिसायला लागतं. इथे बरेच जण निर्धास्त होतात, आणि तिथेच चुकतं. अ‍ॅपमध्ये दिसलं म्हणून ते तुमचं होत नाही. क्लबच्या लेखी ते शेवटच्या दिवसापर्यंत मालकाचंच असतं. तारीख बदलायची, एखादं नाव बदलायचं, डायनिंग प्लॅन घालायचा, काहीही करायचं तर क्लबला मालकानेच सांगावं लागतं. तुम्ही फोन केलात तर ते तुमच्याशी बोलणार नाहीत. आणि मालकाने मनात आणलं तर तो तुम्हाला न सांगता आरक्षण रद्दही करू शकतो.

म्हणून मालक कोण आहे याला इतकं महत्त्व. मी स्वतः पॉइंट्स घेताना मालकाला पहिला प्रश्न विचारतो तो भावाचा नसतो. तुमचं युज इयर कोणतं, हे पॉइंट्स यंदाचे, गेल्या वर्षीचे साठवलेले की पुढच्या वर्षाचे उसने घेतलेले, हे विचारतो. प्रत्येक मालकाचं पॉइंट्सचं वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होतं. वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांत तो न वापरलेले पॉइंट्स पुढच्या वर्षात साठवू शकतो. नंतर नाही. एकदा साठवलेले पुन्हा साठवता येत नाहीत.

२३ ऑगस्टच्या सहलीसाठी तीन मालक पुढे आले असं धरा. एकाचं वर्ष जूनला सुरू होतं. त्याला ३१ जानेवारीपर्यंत साठवता येतं. समजा जुलैच्या सुरुवातीला तुमच्या घरी अडचण आली, तर तो आरक्षण रद्द करून पॉइंट्स परत घेईल आणि त्याच्याकडे ते वापरायला किंवा साठवायला भरपूर वेळ असेल. अशा मालकाशी बोलून निम्मे पैसे तरी परत मिळवायची बोलणी करता येतात. दुसऱ्याचं वर्ष डिसेंबरचं. त्याची साठवणीची मुदत ३१ जुलैला संपते, त्यामुळे जुलैच्या सुरुवातीला थोडं जमेल, ऑगस्टमध्ये काही नाही. तिसऱ्याचं वर्ष सप्टेंबरचं. त्याचे पॉइंट्स ३१ ऑगस्टला मरतात, तुमची सहल संपल्यावर तीन दिवसांत. साठवायची मुदत तर एप्रिलअखेरच गेली. हा मालक तुम्हाला सगळ्यात स्वस्त भाव देईल, आणि का देतोय हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या तारखा दगडावर कोरलेल्या असतील तर त्याचं घ्या, खुशाल घ्या. सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी मी तरी जूनवाला बघावा असं म्हणेन, पॉइंटमागे दोन डॉलर जास्त गेले तरी.

याच्या जोडीला आणखी एक नियम आहे. सहलीला ३१ किंवा अधिक दिवस बाकी असताना रद्द केलं तर मालकाला पॉइंट्स नीट परत मिळतात. त्याच्या आत रद्द केलं तर ते एका वेगळ्या खात्यात अडकतात आणि बुकिंग करताना साठ दिवसांच्या आत असलेल्या मुक्कामासाठीच वापरता येतात, म्हणजे जवळपास वाया. तेव्हा काही बिनसतंय असं वाटलं तर मालकाला लगेच कळवा. तिसाव्या दिवशी फोन केलात तर सज्जन मालकालाही तुमच्यासाठी काही करता येत नाही.

मालक खरा आहे का, हे कसं तपासायचं? डिस्नेचं टाइमशेअर हे स्थावर मालमत्तेचं खरेदीखत आहे, त्यामुळे त्याची नोंद सरकारदरबारी होते आणि ती कुणालाही फुकट बघता येते. ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमधल्या रिसॉर्टची खतं ऑरेंज काउंटी कंप्ट्रोलरच्या कार्यालयात नोंदवलेली असतात. त्यांच्या साइटवर अधिकृत नोंदींच्या शोधात मालकाचं नाव टाका. खत उघडलं की रिसॉर्टचं नाव, युनिट आणि त्यातला मालकाचा अगदी छोटा, टक्क्याच्या अपूर्णांकातला हिस्सा लिहिलेला दिसतो. तो ज्या रिसॉर्टचा मालक असल्याचं सांगतो तेच खतात आहे का, पुढे तो हिस्सा विकल्याची नोंद आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की व्हेरो बीच आणि हिल्टन हेड ही क्लबची रिसॉर्ट दुसऱ्या काउंट्यांत आहेत, आणि हवाईच्या औलानीची नोंद हवाईत असते. तिथल्या मालकाचं नाव इथे सापडलं नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

पण जी नोंद तुम्हाला दिसते ती भामट्यालाही दिसते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला असाच फटका बसला. नाव खऱ्या मालकाचं, खतही खरं, बोलणारा माणूस मात्र वेगळाच. त्याने बनावट पुष्टीपत्र पाठवलं, पैसे खात्यातून खात्यात घेतले आणि फोन बंद केला. म्हणून खत बघितल्यावर व्हिडिओ कॉल करा आणि त्याला तुमच्यासमोर क्लबच्या खात्यात लॉग इन करून स्क्रीन दाखवायला सांगा. नाव, मूळ रिसॉर्ट, युज इयर, शिल्लक पॉइंट्स, सगळं एका नजरेत दिसतं. खरा मालक याला आढेवेढे घेत नाही. मला कुणी विचारलं तर मी आनंदाने दाखवतो. आणि तुमच्या नावाचं आरक्षण अ‍ॅपमध्ये जोडलं जात नाही तोवर पैसे देऊ नका. पाठवलेलं चित्र किंवा पीडीएफ हा पुरावा नाही. भावावरूनही अंदाज येतो. सहलीला नऊ महिने असताना कुणी पॉइंटमागे दहा डॉलर म्हणत असेल तर त्याचा मेंटेनन्सही जेमतेम निघेल. असा मालक नसतो. मुदत संपत आलेले पॉइंट्स शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत तेरा-पंधराला मिळतात, ते खरं असू शकतं.

पैसे द्यायची पद्धत. झेलने किंवा वायरने, म्हणजे खात्यातून थेट खात्यात, सगळी रक्कम एकदम देऊ नका. गेलेली रक्कम परत येत नाही. पेपॅलवरून दिले तरी एक खाच आहे. तक्रार करायची मुदत पैसे दिल्यापासून १८० दिवसांची असते. जानेवारीत पैसे दिले तर ती मुदत जुलैतच संपते, आणि सहल ऑगस्टमध्ये. म्हणून रक्कम तोडून द्या. आरक्षण अ‍ॅपमध्ये जोडल्यावर निम्मी, आणि उरलेली सहलीच्या महिनाभर आधी किंवा शक्य असेल तर पोहोचल्या दिवशी. मालकालाही धास्ती असते की पाहुणा ऐनवेळी पाठ फिरवेल आणि पॉइंट्स अडकतील, त्यामुळे तो सगळं शेवटी घ्यायला तयार होणार नाही. ते रास्तच आहे.

मध्यस्थ कंपन्या हा दुसरा मार्ग, आणि पहिल्यांदाच करत असाल तर मी तोच सुचवेन. डेव्हिड्स, डीव्हीसी रेंटल स्टोअर अशा काही कंपन्या वर्षानुवर्षं हेच काम करतात. तुम्ही तारखा सांगता, त्या मालक शोधतात, करार करून देतात, क्रेडिट कार्ड घेतात, आणि मालकाला काही रक्कम लगेच व उरलेली तुम्ही पोहोचल्यावर देतात. मालकाने ऐनवेळी घोळ केला तर तुमच्या बाजूने बोलायला कुणीतरी असतं. त्यासाठी पॉइंटमागे दोन-चार डॉलर जास्त जातात. यांच्याकडे आधीच झालेली तयार आरक्षणंही विक्रीला असतात. कुणाचा तरी बेत रद्द झालेला असतो, तारखा आणि खोली ठरलेली असते, भाव पडलेला असतो. तुमच्या तारखांशी जुळलं तर याहून सोपं काही नाही.

कंपनी असो वा मालक, करार लेखी हवा आणि त्यात एक प्रश्न आवर्जून बघा: रिसॉर्टच बंद झालं तर काय? २०२० च्या मार्चमध्ये डिस्ने वर्ल्ड बंद झालं. क्लबची तिथली रिसॉर्ट जूनच्या अखेरीस उघडली, उद्यानं जुलैत. क्लबने पॉइंट्स मालकांना परत केले, पण भाडेकरूंचे करार परतावा नाही असं म्हणत होते. कुणाला पुढच्या सहलीचं क्रेडिट मिळालं, कुणी महिनोन्‌महिने भांडत बसले. तेव्हापासून मी माझ्या करारात स्पष्ट लिहितो की डिस्नेने रिसॉर्ट बंद केलं आणि पॉइंट्स मला परत मिळाले तर पैसे किंवा नवी तारीख, यातलं काय ते पाहुण्याने ठरवायचं. तुमच्या मालकाकडूनही असं वाक्य लिहून घ्या. मेंटेनन्स थकला तर क्लब मालकाचं बुकिंग अडवू शकतो, म्हणून तो भरलेला आहे आणि सहलीपर्यंत भरला जाईल हेही करारात घाला.

ऑगस्ट म्हणजे वादळांचा मोसम, त्यामुळे हे तुमच्यासाठी नुसतं कागदावरचं कलम नाही. डिस्नेकडून थेट घेतलेल्या खोलीला एक संरक्षण असतं: पोहोचण्याच्या सात दिवसांच्या आत ओरलँडोला किंवा तुमच्या राहत्या गावाला चक्रीवादळाचा अधिकृत इशारा दिला गेला, तर दंड न घेता तारीख बदलून किंवा रद्द करून मिळते. भाड्याच्या आरक्षणाला हे आपोआप लागू होत नाही. तिथे उपयोगी पडतो तो सहलीचा विमा. तो वादळाला नाव पडण्याआधी घेतलेला हवा, आणि त्यात आगाऊ भरलेलं खासगी भाडं धरलं जातं का हे कंपनीला लेखी विचारलेलं हवं. कुठल्याही कारणाने रद्द करता येईल असा विमाही मिळतो. तो पहिली रक्कम भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत घ्यावा लागतो आणि पन्नास ते पंचाहत्तर टक्के परत देतो. आई-वडील सोबत असताना मी तो घेईनच. त्यांचा अमेरिकेतल्या आजारपणाचा विमा मात्र वेगळा, या दोन्हींची गल्लत करू नका.

खोलीबद्दल थोडं, कारण सहा जणांच्या घरात इथे बरंच काही ठरतं. स्टुडिओत मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज, एवढंच. एक आणि दोन बेडरूमच्या व्हिलात पूर्ण स्वयंपाकघर असतं: शेगडी, ओव्हन, भांडी, डिशवॉशर, शिवाय कपडे धुवायचं-वाळवायचं यंत्र. ज्या वडिलांना दोन दिवस वरणभात मिळाला नाही की चैन पडत नाही, त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे. कुकर मात्र नसतो, डाळ पातेल्यात शिजवावी लागेल. किराणा घरपोच मागवता येतो. दोन बेडरूमचे दोन प्रकार आहेत आणि बुकिंगआधी मालकाला त्यातला कोणता ते सांगावं लागतं. एकात दुसरी बेडरूम साधी असते, बहुधा दोन क्वीन बेडची. दुसरा प्रकार म्हणजे एक बेडरूमची व्हिला आणि शेजारचा स्टुडिओ, मधल्या दाराने जोडलेले. आई-वडिलांना मी हा दुसरा सुचवतो. त्यांचं स्वतंत्र दार, स्वतःचा छोटा फ्रिज, पहाटे पाचला उठून चहा केला तरी कुणाची झोप मोडत नाही. फक्त तिथे एकच मोठा पलंग आणि दुसरा सोफा किंवा भिंतीतून खाली येणारा पलंग असतो, तेव्हा मुलं तुमच्याकडे झोपतील असं धरा.

ओल्ड की वेस्टच्या खोल्या ऐसपैस आणि पॉइंट्सनाही परवडणाऱ्या, पण तिथे मोजक्याच इमारतींना लिफ्ट आहे. लिफ्टच्या इमारतीची विनंती करता येते, हमी मिळत नाही. गुडघे दुखत असतील तर तिथे जाऊ नका. किडानी व्हिलेजमध्ये दोन बेडरूमच्या व्हिलाला तीन न्हाणीघरं आहेत, सकाळी सहा जण एका वेळी आवरणार असतील तर याची किंमत कळते. शिवाय कुरणाकडची खोली घेतली तर गच्चीतून जिराफ आणि झेब्रे दिसतात. ज्या दुपारी आजी-आजोबा उद्यानात यायला नको म्हणतील, ती दुपार त्यांची मजेत जाते. तिथून सगळीकडे बसनेच जावं लागतं, ही एक उणी बाजू. मॅजिक किंग्डम या उद्यानाला चालत जायचं असेल तर बे लेक टॉवर हे रिसॉर्ट, पण पॉइंट्स जास्त.

भाड्याने आलात म्हणून डिस्ने तुम्हाला दुय्यम वागणूक देत नाही. रिसॉर्टमधल्या इतर पाहुण्यांसारखं रोज उद्यानात अर्धा तास आधी जाता येतं, ठरावीक रात्री उशिरापर्यंत थांबता येतं, साठ दिवस आधी रेस्टॉरंटमध्ये टेबल ठरवता येतं, रांग टाळायचा लाइटनिंग लेन पास सात दिवस आधी घेता येतो, गाडी लावायचे पैसे पडत नाहीत. जे मिळत नाही ते असं: रोजची साफसफाई नाही, चौथ्या दिवशी कचरा आणि टॉवेल बदलतात तेवढंच. मालकांना मिळणारी तिकिटांवरची किंवा जेवणावरची सवलत तुम्हाला नाही. उद्यानाची तिकिटं वेगळी, ती तुमची तुम्हीच काढायची. कुणी मालक स्वतःच्या सवलतीत तिकिटं काढून देतो म्हणाला तर नको म्हणा.

चालतं असं मी वर म्हटलं, त्याला एक मर्यादा आहे. क्लबचे नियम मालकाला अधूनमधून भाड्याने द्यायला आडकाठी करत नाहीत, पण धंदा म्हणून करायला मनाई करतात, आणि तसं आढळलं तर आरक्षण रद्द करायचा अधिकार राखून ठेवतात. ज्याच्याकडे एकाच वेळी डझनावारी तयार आरक्षणं विक्रीला आहेत अशा एकट्या मालकापासून मी लांब राहतो.

डिस्नेचंच हवं असा हट्ट नसेल, तर ओरलँडोत विंडम, मॅरियट, हिल्टन यांची टाइमशेअर रिसॉर्टही भरपूर आहेत आणि बरीच स्वस्त. विंडमचं बॉनेट क्रीक तर डिस्नेच्या हद्दीने वेढलेलं आहे. रेडवीकसारख्या साइटवर मालक आपल्या वाट्याचे मुक्कामाचे आठवडे थेट भाड्याने देतात. तिथे दोन गोष्टी विचारा. हा मालकाचा स्वतःचा आठवडा आहे की आरसीआय किंवा इंटरव्हल या टाइमशेअर अदलाबदलीच्या कंपन्यांमधून मिळालेला? अदलाबदलीचा आठवडा भाड्याने देणं त्यांच्या नियमांत बसत नाही आणि तो पकडला गेला तर दारात उभं राहायची वेळ तुमच्यावर येते. दुसरं, पाहुण्याच्या नावाची फी आणि रिसॉर्ट फी कोण भरणार? अशा ठिकाणी चेक-इन झालं की गाडीचा पास घ्यायला शेजारच्या टेबलाकडे पाठवतात. तिथला हसतमुख माणूस नाश्ता आणि गिफ्ट कार्डाच्या बदल्यात नव्वद मिनिटांची माहिती ऐकायला बोलावतो. ती टाइमशेअर विक्रीची बैठक असते. तुम्ही दुसऱ्याच्या आरक्षणावर आला आहात, तिला जाण्याचं कुठलंही बंधन तुमच्यावर नाही. पास घ्या आणि निघा. आई-वडिलांना एकटं त्या टेबलाकडे पाठवू नका.

आणि फक्त पैसे वाचवणं हाच हेतू असेल, दिवसभर उद्यानातच काढणार असाल, तर जवळच्या किसिमी गावात तीन-चार बेडरूमचं घर भाड्याने घेतलेलं या सगळ्यापेक्षा स्वस्त पडेल. गाडी हवी आणि रोजची ये-जा सोसायची तयारी हवी. पॉइंट्स भाड्याने घेणं स्वस्त आहे ते डिस्नेच्या महागड्या रिसॉर्टच्या तुलनेत. तुमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या घराला मात्र मी डिस्नेच्या आतलीच जागा सुचवेन, कारण दुपारी थकलेल्या आजोबांना एका नातवासह बसने खोलीवर परत पाठवता येतं आणि बाकीचे थांबू शकतात.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आधी व्हिसा. तो झाला की ऑगस्टचा तक्ता काढून दोन रिसॉर्टचे पॉइंट्स मोजा, डिस्नेचा सवलतीचा भाव शेजारी मांडा, आणि फरक पुरेसा दिसला तर मध्यस्थ कंपनीला रविवार ते शुक्रवारच्या तारखा देऊन जोडलेल्या स्टुडिओची दोन बेडरूमची व्हिला मागा. विमानाची तिकिटं आरक्षण तुमच्या अ‍ॅपमध्ये दिसल्यावरच काढा.